दहा जणांची सात षटकं

कोइम्बतूर, २५ सप्टेंबर २०२२. दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्याचा शेवटचा दिवस. पश्चिम विभागाने दक्षिण विभागापुढे ५२९ धावांचं लक्ष्य ठेवलं होतं आणि आदल्या दिवशीच सहा गडी टिपले होते. करंडक आणि पश्चिम विभाग यांच्यामध्ये उरले होते चार गडी. फलंदाजाभोवती क्षेत्ररक्षकांचं कोंडाळं. त्यात होता २० वर्षांचा यशस्वी जैस्वाल. याच सामन्याच्या दुसऱ्या डावात त्याने २६५ धावा ठोकल्या होत्या. सामना फिरला तो त्याच खेळीने. समोर टी. रवी तेजा चिवटपणे खेळत होता आणि यशस्वीचं तोंड थांबत नव्हतं. गोष्ट पंचांपर्यंत गेली. समज देऊन झाली. कर्णधार अजिंक्य रहाणेनेही त्याला समजावलं. तरी ५७व्या षटकात पुन्हा तेच सुरू झालं, तेव्हा रहाणे त्याच्यापाशी गेला, दोन शब्द बोलला आणि त्याला मैदानाबाहेर जायला सांगितलं.

त्याच्या जागी बदली खेळाडू आला नाही. पुढची सात षटकं पश्चिम विभागाने दहा जणांत काढली. ६५व्या षटकात यशस्वी परतला. सामना पश्चिम विभागाने २९४ धावांनी जिंकला.

क्रिकेटमधल्या शिस्तीबद्दल मी बरंच वाचलं आहे, नियमांची कलमं चाळली आहेत, सुनावण्यांचे निकाल पाहिले आहेत. पण माझ्या डोक्यात सगळ्यात खोल रुतून बसली आहेत ती ही सात षटकं. इथे सामनाधिकाऱ्याने कुणाला बोलावून घेतलं नव्हतं, कुणाचं मानधन कापलं नव्हतं. संघाला विजयाच्या उंबरठ्यावर आणणाऱ्या पोराला त्याच्याच कर्णधाराने बाहेर काढलं होतं. एका क्षेत्ररक्षकाचं नुकसान सोसून. शिस्त कुठून यायला हवी, या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

घणाचा घाव

‘स्लेजिंग’ हा शब्द ऑस्ट्रेलियाचा. माजी कर्णधार इयन चॅपेल यांनी सांगितलेली त्याची जन्मकथा १९६०च्या दशकातल्या ॲडलेडची आहे. एका पार्टीत एका क्रिकेटपटूने स्त्रीसमोर अपशब्द वापरले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, हा स्लेजहॅमरइतकाच नाजूक आहे. स्लेजहॅमर म्हणजे घण. तिथून असभ्य बोलण्याला आणि मग मैदानावरच्या बोलण्याला हे नाव चिकटलं. या कथेत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या शब्दाचा जन्मच मुळी एका चुकीला हसण्यातून झाला. पुढे ती चूक डावपेच म्हणून मिरवायला लागली. स्टीव्ह वॉच्या काळात तर त्याला भारदस्त नाव मिळालं. प्रतिस्पर्ध्याचं मानसिक खच्चीकरण.

मराठी क्रीडापत्रकारांनी त्यासाठी ‘शेरेबाजी’ हा शब्द रूढ केला. मैदानावरची पोरं मात्र तो वापरत नाहीत. त्यांच्याकडे छटांचा खजिनाच आहे. टेर खेचणं वेगळं, डिवचणं वेगळं, खुन्नस देणं वेगळं आणि आईबहिणीवर जाणं वेगळं. या पायऱ्या पोरांना नीट ठाऊक असतात. ‘पाहुणा आलाय, चहा पिऊन जाईल’ असं स्लिपमधून आलं की फलंदाजही हसतो. तेच बोलणं त्याच्या रंगावर, जातीवर, घरच्या माणसांवर गेलं की हसणं थांबतं. नियम लिहिणाऱ्यांना जी रेघ ओढायला कित्येक दशकं लागली, ती आझाद मैदानावर तेरा वर्षांच्या पोरालाही कळते. पाळतो की नाही, हा पुढचा प्रश्न.

ही रेघ ओलांडली की काय होतं, ते मे २००३ मध्ये अँटिग्वात दिसलं. वेस्ट इंडिज चौथ्या डावात ४१८ धावांचा पाठलाग करत होतं. ग्लेन मॅकग्राने रामनरेश सरवानला उद्देशून अश्लील शेरा मारला. सरवानने उलट उत्तर दिलं, त्यात मॅकग्राच्या पत्नीचा उल्लेख आला. ती तेव्हा कर्करोगाशी झुंजत होती. मॅकग्रा भडकला, बोट रोखून सरवानच्या अंगावर गेला. ते दृश्य जगभर दिसलं. सरवानने १०५ धावा केल्या आणि वेस्ट इंडिजने कसोटी इतिहासातला सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग पुरा केला. पण त्या विक्रमाबरोबर आजही आठवतं ते रोखलेलं बोट. दुसऱ्याच्या घरात दगड टाकताना आपलंही घर काचेचंच असतं.

मेलबर्नचं फाटक

आपल्याकडे या विषयाची सर्वांत ठसठसणारी आठवण फेब्रुवारी १९८१ची. मेलबर्न कसोटीचा दुसरा डाव. सुनील गावसकर आणि चेतन चौहान यांनी १६५ धावांची सलामी दिलेली. चौहान पुण्याच्या वाडिया कॉलेजात शिकून, महाराष्ट्राकडून खेळून पुढे आलेला. अख्ख्या मालिकेत धावांसाठी झगडणारे गावसकर ७० वर पोहोचले होते. डेनिस लिलीचा चेंडू पॅडवर लागला आणि पंच रेक्स व्हाइटहेड यांनी पायचीत दिलं. चेंडू आधी बॅटला लागल्याचं गावसकर सांगत राहिले. लिली जवळ येऊन पॅडवरची जागा दाखवू लागला. तोवर ते रागावले होते, पण निघाले होते. जाताना पाठीमागून जे शब्द आले, त्यांनी पारा चढला, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. ते मागे वळले, चौहानला ओढलं आणि दोघं मैदान सोडू लागले.

सीमारेषेपलीकडे दोघंही गेले असते तर सामना तिथेच गमावला असता. तिथे उभे होते व्यवस्थापक विंग कमांडर शाहिद दुर्राणी आणि सहव्यवस्थापक बापू नाडकर्णी. त्यांनी चौहानला परत धाडलं आणि दिलीप वेंगसरकर खेळायला उतरला. पुढचं सर्वांना ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियाला १४३ धावा हव्या होत्या. मांडी दुखावलेल्या कपिलदेवने इंजेक्शन घेऊन गोलंदाजी केली, २८ धावांत ५ गडी टिपले आणि ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत आटोपला. भारत ५९ धावांनी जिंकला, मालिका बरोबरीत सुटली.

गावसकरांनी नंतर त्या कृतीबद्दल खेद व्यक्त केला. मला त्या प्रसंगात महत्त्वाचा वाटतो तो फाटकापाशी झालेला अटकाव. सलग २१ निर्धाव षटकं टाकणारे बापू नाडकर्णी, संयम हाच ज्यांचा खेळ, ते त्या क्षणी नेमके तिथे असावेत, हा योगायोग मोठा बोलका आहे. कर्णधाराचाच तोल गेला होता आणि त्याला सांभाळायला घरचीच माणसं पुढे आली. कुठल्याही आचारसंहितेत त्या भूमिकेचं कलम नव्हतं. मुळात आंतरराष्ट्रीय आचारसंहिताच नव्हती.

याच मालिकेत संदीप पाटीलने आणखी एक उत्तर दिलं होतं. सिडनीत लेन पास्कोचा चेंडू कानाजवळ लागून तो कोसळला होता. पुढच्याच कसोटीत, ॲडलेडला, त्याने १७४ धावा फटकावल्या. त्या खेळीत त्याला तोंड उघडण्याची गरज पडली नाही.

नियम का वाढत गेले

नोव्हेंबर १९८१ मध्ये पर्थला लिलीने जावेद मियाँदादला लाथ मारली, मियाँदादने बॅट उगारली आणि पंच टोनी क्राफ्टर मध्ये पडले. लिलीला शिक्षा ठरवली त्याच्याच सहकाऱ्यांनी. किरकोळ दंड. पंचांनी त्यावर आक्षेप घेतला, तेव्हा ती दोन एकदिवसीय सामन्यांच्या बंदीवर गेली. डिसेंबर १९८७ मध्ये फैसलाबादला इंग्लंडचा कर्णधार माइक गॅटिंग आणि पंच शकूर राणा भर मैदानात एकमेकांवर बोटं रोखून भांडले. माफीनाम्यापायी कसोटीचा एक अख्खा दिवस वाया गेला.

आपणही मागे नव्हतो. जानेवारी १९९१, जमशेदपूर. पुन्हा दुलीप करंडकाचाच अंतिम सामना आणि पुन्हा पश्चिम विभाग. समोर उत्तर विभाग. शेवटच्या दिवशी, निकाल जवळपास ठरलेला असताना, पश्चिम विभागाचा वेगवान गोलंदाज रशीद पटेल आणि फलंदाज रमण लांबा यांची जुंपली. रशीद यष्टी उपटून लांबाच्या मागे धावला. अजय जडेजालाही फटका बसला. प्रेक्षकांतून दगडफेक झाली आणि खेळ आटोपता घ्यावा लागला. चौकशीनंतर रशीदवर १३ महिन्यांची, तर लांबावर १० महिन्यांची बंदी आली. एकाच स्पर्धेचे, एकाच संघाचे हे दोन अंतिम सामने, ३१ वर्षांच्या अंतराने. जमशेदपूरच्या आधी कोइम्बतूरसारखा एक क्षण कुणी साधला असता, तर दोन गुणी खेळाडूंची उमेदीची वर्षं वाचली असती, असं मला फार वाटतं. तोंडातून सुरू झालेलं भांडण हातघाईवर यायला वेळ लागत नाही.

त्याच वर्षी, १९९१ मध्ये, आयसीसीने आचारसंहिता आणली आणि सामनाधिकाऱ्याची नेमणूक सुरू झाली. २००० साली एमसीसीने कॉलिन काउड्री आणि टेड डेक्स्टर यांच्या आग्रहाने नियमांच्या आधी ‘खेळभावने’चं प्रास्ताविक जोडलं. १ ऑक्टोबर २०१७ पासून तर ४२व्या नियमाने पंचांच्या हाती थेट शिक्षाच दिल्या. अश्लील किंवा अपमानास्पद बोलणं हा पहिल्या पायरीचा गुन्हा. आधी ताकीद, पुन्हा घडलं तर प्रतिस्पर्ध्याला पाच धावा. बोलणं अधिक गंभीर असेल तर ताकीद न देताच पाच धावा. मारहाणीची धमकी दिली तर पाच धावा आणि बहुदिवसीय सामन्यात दहा षटकं मैदानाबाहेर. प्रत्यक्ष हाणामारी केली तर उरलेल्या सामन्याला मुकायचं.

पण या नियमात एक बारीक गोष्ट आहे. खेळाडूला बाहेर पाठवायचं असेल तर पंच ते कर्णधाराला सांगतात आणि कर्णधार त्याला बाहेर काढतो. त्याने नकार दिला तर सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल होतो. म्हणजे इतकी कलमं लिहूनही नियम शेवटी कर्णधारापाशीच येऊन थांबला. धमकीसाठी नियमात दहा षटकं आहेत. रहाणेने नुसत्या बडबडीसाठी सात षटकांची किंमत मोजली, तीही कुणी हुकूम न देता.

सिडनी आणि वानखेडे

नियम कुठे थकतात हे पाहायचं तर जानेवारी २००८ची सिडनी कसोटी पाहावी. तिसऱ्या दिवशी सचिन तेंडुलकर आणि हरभजनसिंग यांची आठव्या गड्यासाठी १२९ धावांची भागी रंगात आली होती. हरभजनने ब्रेट लीच्या पार्श्वभागावर बॅटने हलकी थाप मारली. त्यावरून अँड्र्यू सायमंड्स त्याच्याशी वाद घालायला आला. हरभजनने त्याला ‘माकड’ म्हटलं, अशी ऑस्ट्रेलियाची तक्रार. पंचांनी काहीच ऐकलं नव्हतं. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी सामना संपल्यावर रात्री उशिरापर्यंत सुनावणी घेतली आणि हरभजनवर तीन कसोटींची बंदी घातली. तो सामना चुकीच्या निर्णयांनी आधीच नासला होता. अनिल कुंबळेने पत्रकार परिषदेत सांगून टाकलं, की खेळभावनेने एकच संघ खेळला.

अपील ॲडलेडला न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे चाललं. हरभजनची बाजू मांडली नागपूरचे ज्येष्ठ वकील व्ही. आर. मनोहर यांनी. सचिनची साक्ष महत्त्वाची ठरली. वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही. शिवीगाळीबद्दल निम्मं मानधन कापलं गेलं. हरभजनचे आधीचे गुन्हे न्यायमूर्तींपुढे ठेवायचेच आयसीसीकडून राहून गेले होते, हे निकालानंतर उघड झालं. एका वाक्यासाठी न्यायमूर्ती, वकील, यष्टीतल्या मायक्रोफोनची ध्वनिफीत, दोन मंडळांची ताणाताणी, सगळं झालं. आणि तरी त्या मैदानावर नेमकं काय बोललं गेलं, यावर आजही दोन देशांचं एकमत नाही.

या प्रकरणात आपण भारतीय माणसं एक पान हमखास उलटून पुढे जातो. ऑक्टोबर २००७ मध्ये बडोद्यात आणि मग आपल्याच वानखेडेवर प्रेक्षकांनी सायमंड्सकडे पाहून माकडाचे आवाज काढले होते. हातवारे केले होते. वानखेडेवर काहींना पकडण्यातही आलं. कृष्णवर्णीय वंशाच्या माणसाला हा शब्द काय करतो, हे तेव्हा आपल्याला कळलं नसेल, तर आज कळायला हवं. तो टोमणा नव्हता. त्याला शेरेबाजीच्या खात्यात टाकून हलकं करण्याचा आपल्याला अधिकार नाही. पुढे २०११ मध्ये सायमंड्स आणि हरभजन मुंबई इंडियन्सच्या एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसले. मे २०२२ मध्ये सायमंड्स मोटार अपघातात गेला. त्या बातमीच्या दिवशी मला सिडनीचं भांडण कमी आणि वानखेडेचा स्टँड अधिक आठवत होता.

दंडाची किंमत

आता हिशेब पाहू. आयसीसीच्या संहितेत २०१६ पासून दोषांक आहेत. २४ महिन्यांत चार दोषांक साठले की एका कसोटीची किंवा दोन मर्यादित षटकांच्या सामन्यांची बंदी. डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला विराट कोहलीचा खांदा १९ वर्षांच्या, पहिलाच सामना खेळणाऱ्या सॅम कॉन्स्टासला लागला. शिक्षा झाली २० टक्के मानधन आणि एक दोषांक. भारतीय खेळाडूचं कसोटीचं मानधन १५ लाख रुपये, म्हणजे दंड ३ लाख. २०२३च्या आयपीएलमध्ये लखनौला कोहली आणि गौतम गंभीर भिडले, तेव्हा दोघांचं सामन्याचं पूर्ण मानधन गेलं. कोट्यवधींच्या करारांपुढे या रकमा म्हणजे पार्किंगची पावती. उलट त्या भांडणाची चित्रफीत महिनोनमहिने फिरते, जाहिरातींत वापरली जाते, पुढच्या सामन्याची तिकिटं खपवते. एका हाताने दंड घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने ते भांडण विकायचं, हे जोवर चालू आहे तोवर दंडाचा आकडा कितीही वाढवला तरी फरक पडणार नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये चेंडू मानेवर लागून ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज गेला. २०१६ मध्ये त्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी झाली, तेव्हा त्या दिवशी मैदानावर काय बोललं गेलं हाही प्रश्न निघाला. शब्दांमुळे मृत्यू झाला, असा निष्कर्ष नव्हता. पण चौकशी अधिकारी मायकेल बार्न्स यांनी निकालात विचारलं, की इतक्या सुंदर खेळाला या कुरूप बाजूची गरज तरी काय? क्रिकेटबाहेरच्या माणसाने विचारलेला हा प्रश्न क्रिकेटमधल्या माणसांनी स्वतःला फार आधी विचारायला हवा होता.

खडूस म्हणजे काय

शेरेबाजीचं समर्थन करताना आपल्याकडे हल्ली एक शब्द हमखास पुढे केला जातो. खडूस. मुंबईचं क्रिकेट खडूस, म्हणून मुंबईचा पोरगा बोलणारच. हा त्या शब्दावर अन्याय आहे. खडूस म्हणजे फुकट काही न देणारा. पावसाळ्यात कांगा लीगच्या ओल्या, खड्ड्याखड्ड्यांच्या खेळपट्टीवर जो विकेट फेकत नाही, तो खडूस. सामना हातातून गेल्यावरही जो शेवटच्या गड्यासाठी तासभर घाम गाळायला लावतो, तो खडूस. खडूसपणा बॅटमध्ये असतो, पायांत असतो, पोटात असतो. जिभेवर आला की तो पातळ होतो.

मध्यंतरी आझाद मैदानावर शाळकरी मुलांचा एक सामना पाहत उभा होतो. शॉर्ट लेगवरचा पोरगा फलंदाजाला एकसारखा काहीतरी बोलत होता. फलंदाज त्याच्याहून वीतभर ठेंगणा, हेल्मेट डोळ्यांवर येणारं. एकदा तो चेंडू सोडून नुसता मागे बघत राहिला. पंचांनी क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाच्या कर्णधाराला बोलावलं. तोही चौदाएक वर्षांचा. पंच काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. पोरगा ‘हो सर’ म्हणाला, एकवार तंबूकडे पाहिलं. तंबूतून काही खूण आली नाही. मग तो शॉर्ट लेगपाशी गेला आणि बोट दाखवून म्हणाला, ‘तू जा तिकडे, डीप फाइन लेग.’ शॉर्ट लेगवाला काही बोलायला गेला. ‘जा म्हटलं ना.’ तो पॅड सोडत, पाय ओढत सीमारेषेवर गेला, जिथे दुसऱ्याच सामन्याचा स्लिपवाला त्याच्या पाठीला पाठ लावून उभा होता. पुढचा चेंडू त्या ठेंगण्या मुलाने समोर, सरळ बॅटने अडवला. मला वाटतं, मैदानावरची शिस्त असते ती एवढीच आणि इथेच लागते. चौदाव्या वर्षी ज्याने ती लावली, त्याला चोविसाव्या वर्षी दोषांकाची भीती घालावी लागत नाही.

रहाणेही मुंबईच्या याच मुशीतला. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीत मोहम्मद सिराजला प्रेक्षकांतून वर्णद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या, तेव्हा कर्णधार तोच होता. खेळ थांबला, सहा जणांना स्टँडमधून बाहेर काढण्यात आलं. मैदान सोडण्याचा पर्याय पंचांनी दिला होता, पण आपण काही चूक केलेली नाही, आपण खेळणार, असं रहाणेने ठरवलं, हे सिराजने पुढे सांगितलं. त्याच कसोटीच्या शेवटच्या दिवशी टिम पेन यष्टीमागून अश्विनला डिवचत होता. त्याच्या हातून झेल सुटले आणि दुसऱ्या दिवशी त्याने माफी मागितली. अश्विनबरोबर टिकून होता हनुमा विहारी, दुखऱ्या मांडीने १६१ चेंडूंत नाबाद २३. पुढच्या वर्षी कोइम्बतूरला दक्षिण विभागाचा कर्णधार हाच विहारी होता. मालिका जिंकून मुंबईत परतल्यावर सोसायटीच्या लोकांनी कांगारूचा केक आणला, तर रहाणेने तो कापायला नकार दिला. कांगारू त्यांचा राष्ट्रीय प्राणी आहे, एवढंच त्याचं कारण. २०२२ मध्ये रवी तेजाच्या बाजूने उभा राहिलेला माणूस आणि हा माणूस एकच आहे.

आणि यशस्वी? नोव्हेंबर २०२४, पर्थ. पहिल्या डावात मिचेल स्टार्कने त्याला शून्यावर काढलं होतं. दुसऱ्या डावात त्याच स्टार्कचा चेंडू अडवून यशस्वी त्याला म्हणाला, फार हळू येतोय. स्टार्क हसला आणि परत फिरला. बोलणं तिथेच संपलं. यशस्वीने बॅट पुन्हा जमिनीवर टेकवली आणि १६१ धावांपर्यंत खेळत राहिला.